दुसरी डिस्क दिसेपर्यंत

वडिलांनी काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह स्कॅन करायला घेतल्या आणि महिन्याभरात कॉम्प्युटरमधली जागा संपली. 35 मिमीची एक निगेटिव्ह 3200 डीपीआयला (इंचाला 3200 ठिपके), रंगांत काहीही न गमावता स्कॅन केली की एका चित्राची फाइल 80 एमबीच्या घरात जाते. 36 चित्रांचा एक रोल म्हणजे जवळजवळ 3 जीबी. रोल आहेत 200 च्या वर. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली तेव्हा माझे 120 रोल झाले होते आणि आता थांबायचं नव्हतं. म्हणून 4 टीबीची, साडेतीन इंची हार्ड डिस्क आणली आणि कॅबिनेटमध्ये दुसरी डिस्क म्हणून बसवायचं ठरवलं.

तासाभराचं काम वाटलं होतं, चार संध्याकाळी गेल्या. अवघड असं त्यात काहीच नव्हतं. गाडं नक्की कुठे अडलंय ते मला ओळखता येत नव्हतं, म्हणून वेळ गेला. हे सगळं सविस्तर लिहितेय ते त्यासाठीच.

बसवण्याचा भाग सोपा. कॉम्प्युटर बंद केला, मागची वायर काढली, पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरलं म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला आणि मगच डिस्क पिशवीतून काढली. स्क्रूंच्या बाबतीत एक गोष्ट हाताला कळली. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात, अडीच इंची डिस्कला बारीक आट्यांचे. दोन्ही दिसायला सारखेच. पहिला स्क्रू दोन फेऱ्यांतच घट्ट झाला, तेव्हाच थांबले. जोर लावला असता तर डिस्कचे आटे गेले असते.

मग दोन केबली. साटा म्हणजे डिस्क मदरबोर्डला, कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीला, जोडायची पद्धत. माहिती नेणारी साटा केबल अरुंद, 7 पिनांची. विजेची रुंद, 15 पिनांची. दोन्हींच्या तोंडाला एका टोकाशी काटकोनात वळलेली खाच असते, त्यामुळे उलट्या बसतच नाहीत. पूर्वीच्या 40 पिनांच्या रुंद पट्टीवर दोन डिस्क एकाच केबलला टांगायच्या आणि मागच्या इवल्याशा जंपरने एकीला मास्टर, दुसरीला स्लेव्ह ठरवायचं, हे मी एकेकाळी केलेलं आहे. साटामध्ये प्रत्येक डिस्कची केबल वेगळी आणि पोर्टही वेगळा, म्हणून ते जंपरचं प्रकरण संपलं. नव्या डिस्कच्या मागे कधी जंपरच्या पिना दिसल्या तरी मास्टर-स्लेव्हशी त्यांचा काही संबंध नसतो.

विजेच्या केबलीपाशी मात्र मी एक मोठी चूक करता करता राहिले. माझा पॉवर सप्लाय मॉड्युलर आहे, म्हणजे लागतील तेवढ्याच केबली त्याला जोडायच्या. साटाच्या पॉवरची जादा केबल सापडेना. जुन्या कॉम्प्युटरच्या खोक्यात एक होती, तोंड अगदी तसंच. लावणार इतक्यात भाचीचा फोन आला. ती याच क्षेत्रात काम करते. सहज सांगितलं तर तिचा आवाजच बदलला.

"मावशी, ती केबल हातातून खाली ठेव आधी. दुसऱ्या पॉवर सप्लायची आहे ना?"

"अगं पण तोंड तेच आहे."

"डिस्कच्या बाजूचं तेच असतं. सप्लायच्या बाजूला कुठल्या पिनेवर काय येतं ते प्रत्येकाचं निराळं. पाचच्या जागी बारा व्होल्ट गेले की डिस्क एका क्षणात संपली."

हे सगळ्यांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण तोंडं जुळतात म्हणून माणूस निश्चिंत होतो. साडेतीन इंची डिस्कला दोन दाब लागतात. इलेक्ट्रॉनिक्ससाठी 5 व्होल्ट आणि मोटर फिरवायला 12. ते आपापल्या जागीच पोचायला हवेत. शेवटी माझ्याच सप्लायच्या एका केबलवर पुढे एक मोकळं तोंड निघालं, पंख्याच्या वायरींमागे दडलेलं. ते लावलं.

कॉम्प्युटर सुरू केला. विंडोज आलं. 'धिस पीसी' उघडलं. सी ड्राइव्ह, त्याची लाल पट्टी आणि बाकी काही नाही.

भाचीला पुन्हा फोन केला. म्हटलं, डिस्क दिसत नाही. तिने लगेच विचारलं, "कुठे दिसत नाही? बायोसमध्ये की विंडोजमध्ये?" बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारा, मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम. मी विंडोज म्हटलं. "ते शेवटचं घर झालं, मावशी. खालून वर ये. आधी सांग, ती फिरतेय का?"

त्या प्रश्नाने माझ्या डोक्यातला गोंधळ बराच निवळला. डिस्कला आधी वीज मिळते, मग ती फिरते, मग केबलीतून मदरबोर्डशी बोलते, मग बायोसला दिसते, मग विंडोजला निव्वळ एक डिस्क म्हणून दिसते, त्यानंतर तिच्यावर पार्टिशन, म्हणजे वापरायचा आखलेला भाग, पडतं आणि अगदी शेवटी तिला सीसारखं अक्षर मिळतं. आपण 'धिस पीसी'मध्ये बघतो ते हे शेवटचं अक्षर. ते नसलं म्हणजे या सगळ्या ओळीत कुठेही काहीही अडलेलं असू शकतं.

कॉम्प्युटर बंद केला, एक हात डिस्कच्या कडेवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं. पंखे सुरू झाले. मग बोटांखाली एक बारीक थरथर आली, चढत गेली, पाच-सहा सेकंदांत एका सुरात स्थिरावली आणि आत हलकेच 'टक टक' झालं. चकत्या वेगात आल्या की वाचणारी टोकं जागेवर जातात, त्याचा तो आवाज. डिस्क फिरत होती. वीज पोचत होती.

भाचीला हे आधी हवं होतं त्यामागे एक खास कारण होतं, आणि ते मला नवीन होतं. साटाच्या 15 पिनांतल्या पहिल्या तीन पिना मूळ मानकात 3.3 व्होल्टसाठी होत्या, पण डिस्क त्या वापरत नसत. पुढे मानकात बदल झाला आणि तिसऱ्या पिनेला वेगळं काम मिळालं. तिच्यावर वीज आली की डिस्कने बंद राहायचं. सर्व्हरमध्ये दूरवरून डिस्क बंद-चालू करता यावी म्हणून केलेली ही सोय. अशी डिस्क घरच्या कॉम्प्युटरला लावली आणि पॉवर सप्लाय त्या पिनेवर 3.3 व्होल्ट देत असला, तर ती कायम 'बंद राहा' हाच हुकूम ऐकते आणि फिरतच नाही. लोक ती बिघडलेली समजून परत करतात. सर्व्हरसाठीच्या काही डिस्क आणि बाहेरून जोडायच्या खोक्यातून काढलेल्या काही डिस्क यांच्या बाबतीत हे होतं. पिनेवर उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीचा बारीकसा तुकडा लावणं, किंवा जुन्या चार पिनांच्या मोलेक्स जोडणीतून वीज घेणं, हे त्यावरचे उपाय. मोलेक्समध्ये 5 आणि 12 व्होल्टच असतात, 3.3 नसतातच. माझी डिस्क फिरत होती, म्हणजे हा प्रश्न नव्हता.

बायोसमध्ये गेले. माझ्या मदरबोर्डला सुरू होताना डिलीट दाबावं लागतं, काहींना एफ2. साटाच्या पानावर सहा पोर्टची यादी होती. मी डिस्क लावली होती पाचव्या पोर्टला, कारण तो बोर्डाच्या कडेला आडवा आहे आणि केबल तिथे सहज पोचते. पाचव्यापुढे 'नॉट प्रेझेंट'. बायोसलाच दिसत नव्हती, तर विंडोजमध्ये शोधण्यात अर्थच नव्हता.

केबल बदलून पाहिली. मदरबोर्डबरोबर आलेली नवी काढली आणि ड्रॉवरमधली एक जुनी लाल केबल लावली. तरीही 'नॉट प्रेझेंट'. ही लाल केबल लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

त्यानंतर मी जे केलं ते कुणी करू नये. त्याच पानावर 'साटा मोड' नावाची ओळ होती आणि तिथे एएचसीआय लिहिलं होतं, म्हणजे साटा डिस्कशी बोलायची नेहमीची पद्धत. दुसरा पर्याय होता रेड, अनेक डिस्क मिळून एक म्हणून वापरायची पद्धत. मी तो निवडला, जतन केलं आणि कॉम्प्युटर सुरू केला. विंडोजचं चिन्ह आलं, ठिपके फिरले आणि निळा पडदा. 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. पुन्हा सुरू केला, पुन्हा निळा. 120 रोल त्या एकाच सी ड्राइव्हवर होते. हात थंड पडले, तशीच काही वेळ खुर्चीत बसून राहिले.

कारण साधं होतं. विंडोज बसवताना डिस्कशी ज्या पद्धतीने बोलायचं ठरलेलं असतं, त्याच पद्धतीचा ड्रायव्हर ते सुरुवातीला उचलतं. मी मधेच बायोसमध्ये पद्धत बदलली, तेव्हा विंडोजला स्वतःचीच डिस्क उघडता येईना. फाइली जागच्या जागी होत्या. बायोसमध्ये परत जाऊन एएचसीआय केलं आणि विंडोज नेहमीसारखं उघडलं. तेव्हापासून एक शिस्त पाळते. बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी मोबाइलने त्या पानाचा फोटो काढायचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

दुसऱ्या संध्याकाळी मदरबोर्डचं पुस्तक काढलं. बहुतेकांचं ते खोक्यातच राहतं, माझंही राहिलं होतं. साटा पोर्टच्या चित्राखाली बारीक अक्षरांत एक टीप होती. एम.2 च्या खाचेत साटा प्रकारची डिस्क बसवली असेल तर साटा 5 हा पोर्ट बंद होईल.

माझी सी ड्राइव्ह एम.2 चीच आहे, च्युइंगगमच्या पट्टीएवढी. पण एम.2 हे फक्त आकाराचं नाव. त्या आकारात दोन प्रकार येतात. एक वेगवान एनव्हीएमई आणि दुसरा जुन्या साटाच्याच भाषेत बोलणारा. टॉर्च लावून पाहिलं. माझ्या पट्टीच्या सोनेरी कडेला दोन खाचा होत्या. साटा प्रकारच्या पट्ट्यांना बहुधा दोन असतात, एनव्हीएमईला बहुधा एक. खात्रीसाठी वरचं लेबलही वाचलं, त्यावर साटा असंच छापलेलं होतं. म्हणजे मदरबोर्डने पाचव्या पोर्टची वाट आधीच या पट्टीला देऊन टाकली होती. बाहेरून पोर्ट धडधाकट दिसत होता आणि आत त्याला काहीच जोडलेलं नव्हतं. त्यात मी दहा केबली बदलल्या असत्या तरी काही झालं नसतं. कुठला पोर्ट बंद होणार ते प्रत्येक बोर्डाचं वेगळं असतं. काहींवर एनव्हीएमई लावलं तरी पोर्ट जातात, काहींवर दोन-दोन जातात. बोर्डाचं पुस्तक उघडल्याशिवाय ते कळायला मार्ग नाही, आणि छापील नसलं तर बोर्डाचा मॉडेल नंबर टाकून ते उतरवून घेता येतं.

डिस्क दोन नंबरच्या पोर्टला लावली. बायोसमध्ये दुसऱ्या ओळीत डिस्कचं नाव उमटलं आणि पुढे 4000.7 जीबी. मी तो आकडा मोठ्याने वाचला, घरात कुणी नव्हतं तरी.

'धिस पीसी'मध्ये अजूनही फक्त सी. पण आता मी घाबरले नाही. खालच्या पायऱ्या चढून झाल्या होत्या. विंडोजच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून डिस्क मॅनेजमेंट उघडलं, आणि उघडताच एक चौकोन समोर आला. डिस्क वापरण्याआधी तिला इनिशिअलाइझ करावं लागेल, एमबीआर की जीपीटी? डिस्कवर कुठे काय आहे त्याचा नकाशा लिहिण्याच्या या दोन पद्धती, पहिली जुनी आणि दुसरी नवी.

इथे दोन गोष्टींकडे नीट बघायला हवं. पहिली, कुठल्या डिस्कबद्दल विचारतायत. मी धरून चालले होते की जुनी डिस्क 0 आणि नवी डिस्क 1 असेल. झालं उलट. नवी डिस्क दोन नंबरच्या पोर्टला, म्हणून ती 0 झाली आणि माझी जुनी, चित्रांनी भरलेली डिस्क 1. नंबरावर विसंबून पुढे गेले असते तर भलत्याच डिस्कवर हात पडला असता. तेव्हा नंबर बघू नका, आकार बघा. 3726.02 जीबीची, काळ्या पट्टीची, 'अनअॅलोकेटेड' म्हणजे अजून न आखलेली असं लिहिलेली ती नवी.

दुसरी गोष्ट, हा चौकोन कोऱ्या डिस्कसाठी ठीक आहे. जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेली, आत फोटो असलेली डिस्क लावल्यावर जर विंडोज असंच विचारायला लागलं, किंवा 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' म्हणालं, तर 'कॅन्सल' दाबायचं आणि तिथेच थांबायचं. डिस्कवरची माहिती कुठून वाचायची ते विंडोजला कळत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. 'हो' म्हटलं की ते त्याच जागी नवा नकाशा लिहितं आणि जुनं परत मिळवणं फार कठीण करून ठेवतं.

मी जुन्या सवयीने एमबीआर निवडलं. पट्टीचे लगेच दोन तुकडे झाले. एक 2048 जीबीचा, दुसरा 1678.02 जीबीचा. दुसऱ्यावर उजवी टिचकी मारली तर सगळे पर्याय फिके. जवळजवळ निम्मी डिस्क समोर दिसत होती आणि वापरता येत नव्हती.

एमबीआरमध्ये पार्टिशन कुठे सुरू होतं आणि किती लांब आहे ते 32 बिटांच्या आकड्यात लिहितात. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा मोजणीचा सर्वांत लहान तुकडा, तो 512 बाइटचा धरला तर त्या आकड्यात मावतील तेवढे सेक्टर मिळून 2 टीबी भरतात. त्यापुढची जागा सांगायला आकडाच उरत नाही. जीपीटीमध्ये 64 बिटांचा आकडा असतो, शिवाय नकाशाची एक प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते, म्हणजे सुरुवातीची बिघडली तरी दुसरी राहते. डिस्क कोरी होती म्हणून काही बिघडलं नाही. डाव्या बाजूच्या राखाडी चौकोनावर उजवी टिचकी मारून 'कन्व्हर्ट टू जीपीटी' केलं आणि पट्टी पुन्हा सलग झाली. डिस्कवर एकही पार्टिशन नसेल तरच हा पर्याय मिळतो.

4 टीबी घेतली आणि 3726 जीबीच कशी, असा प्रश्न मलाही पडला होता. कुणी काही कापून घेतलेलं नसतं. बनवणारे एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्यांचा हिशेब धरतात, म्हणजे हजाराच्या पटीत मोजतात, आणि विंडोज 1024 च्या पटीत मोजून त्यालाही टीबीच म्हणतं. त्यामुळे 4 चे 3.63 दिसतात. बाइट तेवढेच.

मग पार्टिशन पाडायला 'न्यू सिंपल व्हॉल्यूम'. अक्षर विचारलं तेव्हा डी न देता एन दिलं. निगेटिव्हचा एन हे एक कारण, पण त्याला व्यवहारही आहे. कार्ड रीडर, पेन ड्राइव्ह सुरुवातीची अक्षरं उचलतात. फोटोंच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक चित्राचा पत्ता अक्षरासकट लक्षात असतो, अक्षर बदललं की हजारो चित्रांपुढे 'सापडत नाही'चं चिन्ह येतं. मागचं एखादं अक्षर कायमचं देऊन टाकलं की ती कटकट उरत नाही. भाची विंडोजऐवजी लिनक्स वापरते. तिच्याकडे अक्षरंच नसतात, डिस्क एखाद्या फोल्डरवर जोडायची असते. पण तीही डिस्कला 'एसडीबी' या नावाने कायमची बांधत नाही, कारण पोर्ट बदलला की ते नावही बदलू शकतं. ती डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक लिहिते. दुखणं एकच, औषध वेगळं.

फॉरमॅट क्विक केलं असतं तर काही सेकंदांत झालं असतं. मी ती खूण मुद्दाम काढली आणि पूर्ण फॉरमॅटला लावलं. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट म्हणजे सबंध डिस्कवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शून्य लिहिणं. एवढ्या मोठ्या डिस्कला तासन् तास लागतात. संध्याकाळी लावलं, सकाळी उठून पाहिलं तेव्हा झालं होतं. ज्या डिस्कवर वडिलांचं काम ठेवायचं, तिने प्रत्येक जागी एकदा लिहून दाखवावं एवढी माझी इच्छा होती. 'धिस पीसी'मध्ये सीच्या शेजारी एन आलं, निळी रिकामी पट्टी घेऊन.

झाकणं लावली, स्क्रू घट्ट केले, टेबल पुसलं.

चौथ्या संध्याकाळी चित्रं कॉपी करायला लावली. कट नाही, कॉपीच. सुरुवातीला सेकंदाला 150 एमबीच्या आसपास वेग होता. 41 व्या रोलपाशी तो शून्यावर आला, खिडकी गोठली आणि डोळ्यांसमोर एन नाहीसा झाला. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, एन परत. पुन्हा कॉपी, यावेळी 12 रोल आणि पुन्हा गायब.

पहिल्या दिवशी ही वेळ आली असती तर डिस्क खराब म्हणून परत दिली असती. आता खालून वर आले. कॉपी चालू असताना फिरण्याचा सूर ऐकावा म्हणून कॅबिनेटचं उजवीकडचं झाकण काढलं आणि हात डिस्कवर ठेवून बसले. थरथर एकसारखी. 41 रोल गेले, 60 गेले, काही झालं नाही. वाटलं, आपोआप बरं झालं. थांबवलं, झाकण लावलं, पुढचं सुरू केलं. चार मिनिटांत एन गायब.

झाकण उघडं तर ठीक, बंद तर नाही. पुन्हा करून पाहिलं, तेच.

भाचीने विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे त्याच्या घडामोडींच्या नोंदवहीत, बघायला सांगितलं. तिथे 129 क्रमांकाच्या नोंदी ओळीने होत्या. डिस्क वेळेत उत्तर देत नाही म्हणून विंडोज तिच्याकडे जाणारी वाट पुन्हा पुन्हा नव्याने सुरू करत होतं. मग तिने क्रिस्टलडिस्कइन्फो उतरवून घ्यायला लावलं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती या सॉफ्टवेअरमध्ये वाचता येते.

"मावशी, 05 आणि सी5 पुढे काय आहे?"

"दोन्हींपुढे शून्यच शून्य."

"मग चकत्या चांगल्या आहेत. आता सी7 बघ."

सी7 पुढे बरेच शून्य आणि शेवटी डी6. हे आकडे सोळाच्या पद्धतीत असतात. डी म्हणजे 13, सोळा तेरे 208 आणि 6, एकूण 214. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात माहितीचा प्रत्येक गठ्ठा जाताना त्याबरोबर एक पडताळणीचा आकडा जातो. गठ्ठा पोचल्यावर तो आकडा जुळला नाही की ती पाठवणी फेटाळली जाते, पुन्हा मागवली जाते आणि सी7 एकाने वाढतो. म्हणजे 214 वेळा माहिती वाटेत खराब झाली होती. 05 म्हणजे निकामी झाल्याने बदललेल्या जागा, सी5 म्हणजे वाचता न आल्याने लटकलेल्या जागा. ते दोन शून्य आणि सी7 वाढता, तर संशय डिस्कवर घ्यायचाच नाही. केबल बघायची.

"तू पहिल्या दिवशी केबल बदलली होतीस ना? ती जुनीच आहे अजून?"

ती लाल केबल. पोर्ट बदलला, पण केबल बदलायचं राहून गेलं होतं. झाकण काढून टॉर्च मारला. तिचं डिस्ककडचं टोक सरळ होतं आणि सुमारे दोन सेंटीमीटर बाहेर आलेलं. झाकण लावलं की पत्रा त्याच्यावर टेकत होता आणि केबल तोंडापाशीच दुमडत होती. दुमडल्या जागी लाल प्लास्टिकवर एक पांढरी रेघ उमटली होती, नखाला लागेल इतकी खोल. टोकाला पकडून ठेवणारी धातूची पट्टीही नव्हती. झाकणाने दाबलं की ते टोक केसभर तिरकं होत होतं, आणि सेकंदाला 6 अब्ज बिटांच्या वेगाला तेवढं पुरतं.

मी काढून ठेवलेली, मदरबोर्डबरोबरची केबल अजून टेबलावर होती. तिचं एक टोक काटकोनात वळलेलं होतं. ते तसं का असतं हे मी आधी कधी मनात आणलं नव्हतं. वळलेलं टोक डिस्कला लावलं, ते पाठीशी सपाट बसलं आणि 'टिक' करून अडकलं. झाकण लावलं तेव्हा पत्र्याला काहीच टेकलं नाही. लाल केबल कात्रीने मधोमध कापून टाकली, म्हणजे ती पुन्हा ड्रॉवरमध्ये जाणार नाही.

सगळे 120 रोल कॉपी झाले. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि बाइट शेवटच्या अंकापर्यंत जुळवून पाहिले, आणि मगच सीवरचे रोल काढायला घेतले. त्याआधी एक प्रत कॅबिनेटच्या बाहेरच्या डिस्कवरही केली, कारण एकाच खोक्यात दोन डिस्क असल्या तरी विजेचा धक्का दोघींना एकदमच बसतो.

सी7 चा आकडा एकदा वाढला की कमी होत नाही, डिस्क तो जन्मभर जपते. त्यामुळे कोरा होईल अशी वाट बघायची नसते, तिथेच थांबलाय का ते बघायचं असतं. दर रविवारी मी ते पान उघडते. काल 163 वा रोल स्कॅन झाला. सी7 पुढे अजून डी6 आहे.